सकाळी जिंकणारा, दुपारी हरणारा बॉट

आमच्या पोटमाळ्यावर एक जुना डेस्कटॉप रात्रंदिवस नवकंकरी या पटावरच्या जुन्या खेळाचे डाव लावत असतो. खेळतात लोकांनी पाठवलेले बॉट, म्हणजे स्वतः चाली ठरवणारे प्रोग्राम; मशीन फक्त पंच. लॅमिंग्टन रोडवरून घेतलेलं, कुठल्याशा ऑफिसातून निघालेलं, चार कोअरचं. देताना दुकानदार म्हणाला होता, "मॅडम, गेमिंगला नाही हं चालणार हे." मी म्हटलं, गेमिंगसाठीच न्यायचंय. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पावती फाडली.

मी भांडुपला राहते. दिवसा पवईतल्या एका कंपनीत पैशांच्या देवघेवीचं बॅकएंड सांभाळते. एकच व्यवहार दोनदा नोंदला गेला तर काय, असल्या प्रश्नांत डोकं कायम अडकलेलं. हा आखाडा उभा राहिला तो भाच्यामुळे. तो आणि त्याचे मित्र इंजिनिअरिंगला आहेत, ऑनलाइन जजवर (कोड आपोआप तपासणाऱ्या संकेतस्थळांवर) प्रश्न सोडवणं हा त्यांचा रोजचा रियाज. मला त्यात एक गोष्ट खटकायची. उत्तर बरोबर आलं की हिरवी खूण, चुकलं की लाल, आणि तो प्रश्न कायमचा मिटला. बॉटचं तसं होत नाही. काल पहिल्या नंबरावर असलेला बॉट आज त्याच्यावरच डोळा ठेवून लिहिलेल्या दुसऱ्या बॉटसमोर आपटतो आणि लिहिणाऱ्याला पुन्हा मांडी ठोकून बसावं लागतं.

कल्पना जुनीच आहे. १९८० च्या सुमारास रॉबर्ट ॲक्सेलरॉड या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाने 'कैद्यांचा पेच' (दर खेपेला दोघांनी ठरवायचं, सहकार्य करायचं की दगा द्यायचा) खेळणारे प्रोग्राम मागवले. १४ आले, पंधरावा त्याने स्वतः घातला, नाणं उडवून खेळणारा. जिंकला अनातोल रापोपोर्टचा 'टिट फॉर टॅट', आलेल्यांत सगळ्यात छोटा: पहिल्यांदा सहकार्य करायचं, पुढे समोरच्याने मागच्या खेपेला जे केलं तेच आपण करायचं. १९८४ मध्ये ए. के. ड्यूडनी यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधून कोअर वॉर लोकांपुढे आणलं. त्यात दोन प्रोग्राम एकाच मेमरीत घुसून एकमेकांना बंद पाडायला बघतात. मग याच धर्तीच्या प्रोग्रामांच्या स्पर्धा आल्या: आयबीएमचं रोबोकोड, एमआयटीचं बॅटलकोड, वॉटरलू विद्यापीठातून चालणारं गूगलचं एआय चॅलेंज, २०१६ चं हॅलाइट. २०११ च्या एआय चॅलेंजमध्ये मुंग्यांच्या वारुळांची लढाई होती. तेव्हा मी कॉलेजात होते आणि माझ्या मुंग्या एकमेकींच्या अंगावर चढून मरायच्या. तेव्हापासून हा किडा डोक्यात.

खेळ कोणता घ्यायचा यावर घरात बरीच खलबतं झाली. बुद्धिबळ नको, कारण कुणीही एखादं तयार इंजिन गुंडाळून पाठवेल. भाच्याला जहाजं, लेझर, नकाशे असं काहीतरी हवं होतं. आई भाजी निवडत होती, ती मधेच म्हणाली, "नवकंकरी घ्या की." तिचं माहेर संगमेश्वराजवळचं. देवळाच्या ओट्यावर पट कोरलेला होता, त्यावर चिंचोके आणि खडे घेऊन पोरं खेळायची. असे पट आपल्याकडे किल्ल्यांवर आणि लेण्यांच्या ओट्यांवरही सापडतात. पहाऱ्यावरच्या माणसाने वेळ कसा काढायचा, त्याची सोय.

ज्यांनी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी: एकात एक तीन चौकोन, बाजूंचे मध्य रेषेने जोडलेले, एकूण २४ जागा. दोघांकडे नऊ-नऊ कंकऱ्या. आधी आळीपाळीने मांडायच्या, मग रेषेवरून एकेक घर सरकवायच्या. आपल्या तीन एका रेषेत लागल्या की समोरच्याची एक उचलायची. ज्याच्याकडे दोनच उरल्या किंवा ज्याला हलायला जागा नाही, तो हरला. तीनच उरलेल्या खेळाडूला कुठेही उडी मारता येते, असा एक नियम बऱ्याच ठिकाणी आहे. आई म्हणते त्यांच्याकडे असला लाड नव्हता. आखाड्यात उडी आहे. आईचा त्याला विरोध कायम आहे.

भाच्याने दुसऱ्याच दिवशी शोधून आणलं की हा खेळ सुटलेला आहे. झुरिकच्या ईटीएचमध्ये राल्फ गासर याने १९९३ मध्ये तो संगणकावर सोडवला: दोघंही अचूक खेळले तर बरोबरी. "मावशी, मग राहिलं काय?" राहिलं ते असं, की गासरने त्यासाठी ७०० कोटींहून जास्त स्थितींचा हिशेब करून ठेवला होता आणि आमच्याकडे बॉटची फाइल एक एमबीपेक्षा मोठी चालत नाही. पाठांतर करून यायची सोय नाही, पटावर बसून विचारच करावा लागतो. शिवाय पहिल्या चार कंकऱ्या, दोघांच्या दोन-दोन, पंचच चिठ्ठ्या टाकल्यासारख्या मांडून देतो. मांडणी एखाद्याला फायद्याची निघू शकते, म्हणून तीच मांडणी बाजू बदलून पुन्हा खेळवायची. संगणकी बुद्धिबळाच्या स्पर्धांतही सुरुवातीच्या चाली ठरवून देऊन दोन्ही बाजूंनी खेळवतात. तिथूनच उचललं.

आता आखाड्याबद्दल. पंच आणि बॉट यांचं बोलणं साध्या मजकुरात चालतं. पंच एक ओळ पाठवतो, बॉट एक ओळ परत पाठवतो. बस. पायथॉन, सी प्लस प्लस, जावा, रस्ट, ज्याला जे येतं त्यात लिहा. सुरुवातीच्या तक्रारी जवळपास सगळ्या एकाच जातीच्या होत्या: "माझ्या लॅपटॉपवर चालतो, तुमच्याकडे वेळ संपल्याने हरतो." कारण पायथॉनचा प्रिंट स्क्रीनवर ओळ लगेच टाकतो, पण समोर स्क्रीनऐवजी पाइप (दुसऱ्या प्रोग्रामकडे जाणारी वाट) असला की ओळी बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवून देतो. बॉटने चाल केलेली असते, ती त्याच्याच खिशात राहिलेली असते. पंच वाट बघतो, बॉट वाट बघतो, घड्याळ पळतं. फ्लश करा, म्हणजे साठलेलं लगेच बाहेर ढकला, एवढंच उत्तर.

पण हे उत्तर हरलेल्याला स्वतःला सापडायला हवं होतं. माझा एकच हट्ट होता, आणि आखाड्यातली प्रत्येक गोष्ट त्यातून आली: जो हरला त्याला आपण का हरलो हे मला न विचारता तपासता आलं पाहिजे. म्हणून प्रत्येक डावानंतर त्याच्या बॉटला पंचाने पाठवलेली प्रत्येक ओळ जशीच्या तशी एका फाइलीत मिळते. ती घरी आपल्याच बॉटला भरवायची, आणि तोच डाव, तोच घोळ, आपल्या टेबलावर. चिठ्ठ्यांसाठी वापरलेला बीजांक, म्हणजे ज्यावरून यादृच्छिक निवड सुरू होते तो आकडा, पहिल्याच ओळीत दिलेला असतो, म्हणजे बॉटने स्वतः काही यादृच्छिक खेळायचं ठरवलं तरी तो तोच अंक वापरून पुन्हा तसाच खेळू शकतो. बॉटने एररच्या वाटेने, म्हणजे चालींपासून वेगळ्या, चुका नोंदायच्या मार्गाने, जे काही लिहिलं ते फक्त मालकाला दिसतं. या सोयींनी माझा जेवढा वेळ वाचला तेवढा दुसऱ्या कशाने वाचला नाही. आणि 'पंच बिकाऊ आहे' हे वाक्य ऐकू येणंही बंद झालं.

रडीचा डाव खेळणारे असतातच, त्यांची मला चीड येत नाही. उलट त्यांच्याकडून शिकायला मिळतं. एकाचा बॉट समोरच्याची चाल चालू असताना मागे एक थ्रेड (कामाचा वेगळा धागा) लावून फुकटात विचार करायचा. बॉटची चाल आली की त्याला थांबण्याचा सिग्नल द्यायचा हा पहिला उपाय. पण थांबतो तो मूळ प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम; त्याने जन्माला घातलेली पोरं मोकाट. लिनक्समध्ये २००८ पासून सीग्रुप नावाची सोय आहे, तिच्यात प्रोसेसचा अख्खा गोतावळा एकदम गोठवता येतो. आता ज्याची पाळी नाही तो सहकुटुंब गोठलेला असतो. मेमरीची मर्यादा आणि किती प्रोसेस काढता येतील याची मर्यादाही तिथेच लावली. नेटवर्क तर मुळातच नाही.

सगळ्यात सुंदर चोरी एका वसईच्या मुलीची. तिचा बॉट मशीनवर चालू असलेल्या प्रोसेसची यादी वाचायचा, त्यात प्रतिस्पर्ध्याच्या फाइलीचं नाव सापडायचं, आणि नाव बघून तो डावपेच बदलायचा. माणसं समोर कोण बसलंय ते बघून खेळतातच की, तिचा युक्तिवाद. मुद्दा चुकीचा नव्हता. तरी मी प्रत्येक बॉटला स्वतःची वेगळी कोठडी दिली, जिथून त्याला फक्त स्वतःच दिसतो. नियमांच्या पानावर 'बघू नये' असं लिहून ठेवण्यात अर्थ नव्हता. बॉट नियमांचं पान वाचत नाही.

एक लबाडी मात्र कोठडीने पकडली जात नाही, ती म्हणजे संगनमत. २००४ मध्ये ॲक्सेलरॉडच्या स्पर्धेची पुन्हा एकदा आवृत्ती झाली, तेव्हा साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या गटाने ६० प्रोग्राम पाठवले. ते सुरुवातीच्या काही चालींच्या ठरावीक क्रमाने एकमेकांना ओळखायचे, आणि मग एक मालक व्हायचा, दुसरा गुलाम. गुलाम मुद्दाम मार खाऊन मालकाला गुण द्यायचे. पहिले तिन्ही नंबर त्यांनीच नेले, आणि तळालाही त्यांचीच रांग होती.

आमच्याकडे हे पकडलं आईने. संध्याकाळी मालिका संपल्यावर ती टॅबवर डाव बघते. चाली हळू केल्या की तिला सगळं कळतं. एक दिवस हाक मारली, "अगं, इकडे ये. हा मुद्दाम हरतोय."

"कशावरून?"

"लागलेली ओळ मोडून कंकरी बाहेर काढली, ठीक, पुन्हा आत घेता येते. पण आत घ्यायची सोडून ती तिकडे कोपऱ्यात नेली. एवढा येडा कोण असतो? मघाशी दुसऱ्याशी तर नीट खेळत होता."

मी त्या बॉटचे डाव काढून बघितले. एकाच मित्राच्या बॉटसमोर असं व्हायचं, आणि प्रत्येक वेळी आधी दोघांच्याही कंकऱ्या ठरावीक कोपऱ्यांत पडलेल्या असायच्या. दोघांना फोन केला, दोघं हसले, एकाने "आजीला सांगू नका" असं म्हटलं. आता माणशी एकच बॉट मुख्य तक्त्यात, आणि जोड्या लावताना एकाच कॉलेजच्या बॉटांतले डाव कमी वजनाचे. पुरेसं नाही हे माहीत आहे. आई आहे.

आता शीर्षकातला किस्सा. मे महिना. माटुंग्याच्या कॉलेजातल्या एका मुलाचा निरोप: "ताई, माझा बॉट सकाळी जिंकतो आणि दुपारी हरतो. कोड तोच आहे." पहिल्यांदा वाटलं, पोरगा थट्टा करतोय. पण त्याने वेळा लिहून पाठवल्या होत्या, आणि फाइलींत स्पष्ट दिसत होतं: दुपारी दोन ते पाच या वेळात त्याचा बॉट एखाददुसऱ्या चालीला वेळेची मर्यादा ओलांडतो. त्याचा हिशेब मर्यादेच्या अगदी काठावर बसवलेला होता, प्रत्येक मिलिसेकंद वापरणारा. हुशारच म्हणायचा.

शिडी लावून पोटमाळ्यावर डोकं घातलं तर इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहिल्यासारखी वाफ. छताचं स्लॅब तापलेलं, शेजारी जुन्या गाद्या, आणि त्यांच्यामध्ये बिचारं मशीन. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये ओळीवर ओळी: तापमान मर्यादेबाहेर, घड्याळ मंदावलं. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. म्हणजे दुपारच्या बॉटला सकाळच्या बॉटपेक्षा कमी विचार करायला मिळत होता. भिंतीवरचं घड्याळ मोजा नाहीतर प्रोसेसरने दिलेला वेळ मोजा, मंद चालणाऱ्या प्रोसेसरवर दोन्हींचा उपयोग शून्य.

भाचा म्हणाला क्लाउडवर न्या. तिथे मशीन गार असतं, पण त्याच खोक्यात आणखी कोण राहतंय आणि ते आत्ता काय जाळतंय ते आपल्याला कळत नाही. दुपारचा प्रश्न जाऊन शेजाऱ्याचा प्रश्न आला असता. आणि जी मला पाहिजे होती ती मोजणी स्वस्तातल्या भाड्याच्या मशीनवर बहुतेक वेळा मिळतच नाही.

ती मोजणी अशी. प्रोसेसरच्या आतच एक मोजणारा असतो, प्रोग्रामने किती इन्स्ट्रक्शन, म्हणजे प्रोसेसरला दिलेल्या बारीक बारीक आज्ञा, पार पाडल्या ते सांगणारा. पोलंडच्या माहितीशास्त्र ऑलिंपियाडमध्ये मुलांच्या प्रोग्रामना मिलिसेकंदांऐवजी इन्स्ट्रक्शन मोजून मर्यादा लावतात, हे मी आधी वाचलं होतं. म्हणून वेळेची मर्यादा काढून टाकली आणि प्रत्येक चालीला १०० कोटी इन्स्ट्रक्शनचा खर्च ठरवून दिला. मशीन तापो, गार असो, शेजारी दुसरा डाव चालू असो, १०० कोटी म्हणजे १०० कोटी. घड्याळ पूर्ण काढता येत नाही, कारण झोपलेला बॉट काहीच खर्च करत नाही आणि पंच जन्मभर वाट बघत बसेल. म्हणून दहा सेकंदांची एक ढिली मर्यादा वर ठेवली आहे.

यावर पायथॉनवाल्यांनी आरडाओरडा केला. सी प्लस प्लसमध्ये एक ओळ जेवढ्यात होते त्याच्या कितीतरी पट इन्स्ट्रक्शन पायथॉनचा इंटरप्रिटर, म्हणजे त्याचा कोड चालवणारा प्रोग्राम, त्याच कामाला जाळतो. खरं आहे. पण आधीही ते तेवढेच मागे होते, फक्त कुणी आकडा दाखवत नव्हतं. मी सवलत दिली नाही. भाषा निवडणं हाही डावाचाच भाग. जावावाल्यांचं गाऱ्हाणं मात्र मला पटतं: कोड चालता चालता कंपाइल होण्याचा (मशीनच्या भाषेत उतरण्याचा) आणि नको झालेली मेमरी झाडण्याचा खर्च त्यांच्या माथी येतो, आणि तो कधी येईल ते त्यांच्या हातात नसतं. त्यावर अजून काही केलेलं नाही.

क्रमवारीबद्दल थोडक्यात. एलोची पद्धत आहे, बुद्धिबळातली: प्रत्येकाच्या ताकदीचा एकच आकडा. चारशे गुणांचा फरक असला की वरच्याकडून दहास एक या प्रमाणात जिंकण्याची अपेक्षा. पण बॉटांची एक खोड आहे: अ ला ब हरवतो, ब ला क हरवतो आणि क ला अ. एकच आकडा हे गोल फिरणं गिळून टाकतो. १९९९ मध्ये अल्बर्टा विद्यापीठाच्या डार्स बिलिंग्जने दगड-कागद-कात्रीच्या बॉटांची स्पर्धा घेतली होती. वरवर बघता त्या खेळात यादृच्छिक खेळण्यापेक्षा शहाणं काही नाही. म्हणून त्याने मुद्दाम काही कच्चे बॉट सोडले. यादृच्छिक खेळणारा कुणाकडूनच फार हरत नाही, पण कच्च्यांना लुटतही नाही, आणि गुण मिळतात ते लुटीत. आमच्याकडेही तीन घरचे बॉट आहेत: एक वाट्टेल ते खेळणारा, एक दिसेल ती कंकरी खाणारा, एक फक्त अडवणारा. क्रमवारीखाली कोण कोणाला किती वेळा हरवतो याचा मोठा तक्ता असतो, आणि मी लोकांना सांगते, वरचे नंबर सोडा, तुमची आडवी रांग वाचा. अडवणाऱ्याकडून हरणारा बॉट पाचव्या नंबरावर असला तरी त्याला कुठे भोक आहे ते तिथे दिसतं.

सध्या वाद चालू आहे तो कोड खुला करण्यावर. बऱ्याच जणांचं म्हणणं, हंगाम संपला की वरच्या दहांचे बॉट सगळ्यांना वाचायला द्या. ॲक्सेलरॉडने पहिल्या स्पर्धेचं सगळं विश्लेषण लोकांना दिलं आणि मग दुसरी घेतली. ६२ प्रोग्राम आले, 'टिट फॉर टॅट'ला कसं हरवायचं याचा अभ्यास करून आले, आणि तरी तोच जिंकला. पण त्याचा तो काही ओळींचा प्रोग्राम, लपवण्यासारखं त्यात होतंच काय. आमच्याकडे पोरांनी रात्री घालवून आकडे जुळवलेले असतात. माझा निर्णय सध्या असा: डाव सगळे उघडे, कोड ज्याचा त्याच्याकडे.

त्याचा फार उपयोग होत नाहीये म्हणा. त्याच वसईच्या मुलीने भाच्याच्या बॉटचे शेकडो डाव उतरवून घेतले आणि तो कुठल्या स्थितीला किती किंमत देतो ते आकडे चालींवरून उलटे काढले. आता तिचा बॉट त्याला त्याच्याच आवडत्या जागी आणून कोंडतो. भाच्याने त्यावर तोड म्हणून स्वतःच्या चालींत मुद्दाम थोडा गोंधळ मिसळला आहे, म्हणजे कुणाला वाचता येऊ नये. पूर्वी तो तिच्याशी हरायचा, आता बाकीच्यांशीही हरतो. मी तक्त्यातली त्याची रांग दोनदा दाखवली. "मावशी, थांब गं, अजून गुणक बसवतोय," म्हणतो.